कुठलं शास्त्र

मी संशयी आहे. त्यात लपवायचं काय? भाजीवाल्यानं तराजूला अंगठा लावलाय का ते बघितल्याशिवाय मी पिशवी पुढं करत नाही, आणि कुणी जरा जास्त गोड बोलायला लागलं की माझे कान आपोआप टवकारतात. आमच्या ख्रिस्ती मंडळीत असल्या माणसाला त्या एका शिष्याच्या नावानं चिडवतात, पुन्हा जिवंत झालेल्या प्रभूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय ज्याचा विश्वास बसला नव्हता. मला शाळेत असतानाच ते नाव चिकटलं. पण मी म्हणते, बोट घातल्यावर जखम खरी निघाली की नाही? मग त्या बिचाऱ्याचं चुकलं काय?

प्रार्थनासुद्धा मी डोळे उघडे ठेवूनच करते. यावरून आईची रोज बोलणी खायची. "असं टकाटका बघून देव दिसायचा न्हाय तुला," ती म्हणायची. मी म्हणायचे, "देव नाही दिसला तर नाही. माणसं तर दिसतात की."

आमचं घर सोलापुरात, चर्चच्या मागच्या चाळीत. वडील मिलमध्ये होते, ते आमच्या लहानपणीच गेले. राहिलो तिघं: आई, मी आणि माझा धाकटा भाऊ. आई मूळची वळसंगची. शाळा जेमतेम चौथीपर्यंत, आणि मराठी बोलता बोलता रागावली की गाडी कानडीवर घसरायची. पण पवित्र शास्त्र म्हणाल तर तोंडपाठ. दर रविवारी सकाळी ती मंडळीतल्या पोरांची शब्बाथ शाळा घ्यायची. पोरं तिच्यापुढं मांडी घालून बसायची आणि ती पदर खोचून, हातवारे करकरून गोष्टी सांगायची. आठवडाभर ती त्या एका तासासाठी जगायची म्हटलं तरी चालेल.

आमच्या घरात बायबल हा शब्द फारसा नव्हता. शास्त्रच म्हणायचे, त्याचे दोन भाग: जुना करार आणि नवा करार. शास्त्र वाचलंस का, शास्त्रावर चष्मा ठेवू नको, शास्त्र हातात घेण्याआधी हात धू. आता बाहेरच्या जगात शास्त्र म्हणजे आणखीही काही असतं, हे आमच्या भावाला कळलं ते पाचवीत. नव्या शाळेचा पहिला दिवस. गुरुजी म्हणाले, "चला, शास्त्राची पुस्तकं काढा." या शहाण्यानं दप्तरातून काळ्या पुठ्ठ्याचं पवित्र शास्त्र काढलं, हात जोडले, डोळे मिटले आणि प्रार्थना कधी सुरू होते त्याची वाट बघत बसला. गुरुजींनी बेडकाचं चित्र भिंतीवर टांगलं. पोरं हसून हसून लोळली. हा रडत घरी आला. आईनं सगळं ऐकून घेतलं, आधी त्याचे डोळे पुसले, आणि मग चुलीपुढं बसून अशी हसत सुटली की पदर तोंडात कोंबावा लागला. पुढं कित्येक वर्षं येईल-जाईल त्याला ती गोष्ट सांगायची. शेवट ठरलेला असायचा: "आनि तसं म्हनाल तर बेडूक शास्त्रात हायतच की! मिसर देशात पीठ मळायच्या परातीत शिरले हुते!"

ही बेडकाची गोष्ट ध्यानात ठेवा. मी ठेवली नाही, आणि त्यामुळं मला एक गोष्ट कळायला फार वर्षं लागली.

सत्तरचं दशक निम्मं सरलं असेल. मी टेलिफोन ऑफिसात ट्रंक बोर्डावर होते, परगावचे फोन जोडून द्यायला. भाऊ एका चादरीच्या पेढीवर कामाला होता आणि रविवारी चर्चमध्ये पायपेटी वाजवायचा. वाजवायचा म्हणजे काय, म्हातारी माणसं खास त्यासाठी पुढच्या बाकावर येऊन बसायची. दिसायला देखणा, निर्व्यसनी, मुलींची स्थळं आपणहून चालत यायची. आणि हा एकेक स्थळ नाकारत सुटला. एकीचं नाक, दुसरीचा आवाज, तिसरीचं गाव लांब. चौथीच्या वेळी कारण सांगायचंसुद्धा बंद केलं. जेवणं कमी झालं. कुठंतरी पाणी मुरतंय, मला लगेच वास आला.

आधी मला वाटलं मटका. मग वाटलं दारू. कपडे धुवायला टाकताना मी त्याच्या शर्टाचा वास घ्यायचे, तर नुसतं खोबरेल तेल. मग वाटलं, परजातीतली पोरगी असणार. त्याचा एक मित्र होता, हातमागवाल्या तेलुगू कुटुंबातला, तो संध्याकाळी सायकलवरून यायचा आणि दोघं चर्चच्या पायरीवर बसायचे. पोरगी त्याच्या नात्यातली असेल म्हणून मी त्याला एकदा गाठला. म्हटलं, "काय रे, रोज इकडं काय काम असतं तुझं?" तो लाल झाला आणि म्हणाला, "काही नाही आक्का, सहज." सहज! सहज म्हणणाऱ्या माणसावर मी जन्मात विश्वास ठेवलेला नाही.

खरं काय ते मला कळलं प्रार्थनासभेत.

बायकांची प्रार्थनासभा दर बुधवारी दुपारी पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या घरी, पडवीत भरायची. ज्यांना आमच्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सभेच्या सुरुवातीला प्रत्येकीनं प्रार्थनेचा विषय द्यायचा: कुणाचा गुडघा, कुणाची परीक्षा, कुणाचा दारुडा नवरा. मग सगळ्यांनी मिळून त्यासाठी प्रार्थना करायची. आणि विषय नाजूक असेल तर नाव न घेता करायची. या नाव न घेता प्रकाराचा मला भारी राग. नाव सोडून बाकी सगळं सांगतात. गल्ली सांगतात, वय सांगतात, लुगड्याचा रंग तेवढा सांगायचा राहतो.

त्या बुधवारी पाळकीणबाईंनी डोळे मिटून सुरू केलं. "हे प्रभो, आज मी एका तरुणाला तुझ्या चरणी आणते. नाव न घेता आणते. तुझ्या मंदिरात तो वाद्य वाजवतो. विधवेचा एकुलता मुलगा आहे. सैतानानं त्याचं मन बायकांकडून फिरवून पुरुषांकडं लावलंय. त्याला बरं कर, प्रभो."

आमच्या चर्चमध्ये वाद्य एक आणि वाजवणारा एक.

माझे डोळे उघडे होतेच. मी बघत होते. एकेका बाईचा डोळा किलकिला झाला, आणि एकेक मान हळूच आईकडं वळली. आई डोळे घट्ट मिटून बसली होती. प्रार्थना संपली तेव्हा सगळ्यांबरोबर तीही "आमेन" म्हणाली, अगदी स्पष्ट. मग चहा प्यायली, कपबशी विसळून ठेवली आणि घरी आली. माझ्या अंगाची आग आग होत होती. रस्त्यात मी काहीतरी बोलायला गेले तर म्हणाली, "चाळीत पोचस्तवर गप ऱ्हा."

भाऊ कामावरून आला. आई खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटत होती. तिनं मान वर न करता त्याला विचारलं, "पाळकसायबांना काय सांगितलंस?"

तो उभ्या उभ्या पांढरा पडला. मग खाली बसला आणि सगळं सांगितलं. चौदा-पंधरा वर्षांचा असल्यापासून त्याला हे ठाऊक होतं. मुलींकडं बघून त्याला काही वाटत नाही, जे वाटतं ते पुरुषांबद्दल वाटतं. देवानं हे काढून घ्यावं म्हणून त्यानं उपास केले, प्रार्थना केल्या, आणि काही झालं नाही. स्थळं नाकारून नाकारून जीव मेटाकुटीला आला तेव्हा पाळकसाहेबांपाशी मन मोकळं केलं. ते म्हणाले होते, ही गोष्ट तू, मी आणि देव, तिघांतच राहील. पाळकीणबाई चौथ्या, हे सांगायचं राहून गेलं असणार!

"आणि तो मित्र?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं नुसतं. मला उत्तर मिळालं. इतके दिवस मी पोरगी शोधत होते.

आई कुटत राहिली. चटणीचं पीठ झालं तरी कुटत राहिली. मग म्हणाली, "हात धू. जेवायला बस." तिच्या पोटात काय शिजतंय ते मला काही केल्या समजेना.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बोर्डावर पुण्याला जोडायचा कॉल आला. सोलापुरातला नंबर मी ओळखला, आमच्या चर्चचा. कॉल जोडून दिला की कळ मागं घ्यायची आणि आपण ऐकायचं नाही, असा नियम. मी कळ मागं घेतली नाही. नियमाला काय करायचंय? माझ्या भावाचा प्रश्न होता.

पाळकसाहेब पुण्याच्या कुठल्याशा मनाच्या दवाखान्यातल्या माणसाशी बोलत होते. "मुलगा सुशील आहे हो. घरचं वळण चांगलं आहे. विजेचे झटके द्यावे लागले तर द्या, आमची हरकत नाही." पलीकडचा माणूस तपशील सांगत होता. पुरुषाचं चित्र दाखवायचं आणि हाताला झटका द्यायचा. बाईचं चित्र दाखवायचं आणि झटका द्यायचा नाही. काही आठवडे असं करायचं, म्हणजे मनाला सवय लागते. पाळकसाहेब म्हणाले, "उत्तम. बरा होऊन आला की मंडळीपुढं उभा राहून साक्ष देईल, आणि मग लगेच लग्न लावून टाकू." पलीकडचा म्हणाला, आधी आमचे डॉक्टर सोलापूरला येणार आहेत, सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात बसतात, ते मुलाला बघतील आणि मग ठरवू.

इतक्यात तीन मिनिटं संपली. मला बोलणं भाग होतं. ऑफिसच्या आवाजात मी विचारलं, "तीन मिनिटं झाली, साहेब. वाढवायची का?"

"वाढवा, वाढवा," पाळकसाहेब म्हणाले. त्यांनी माझा आवाज ओळखला नाही. त्यांच्या मांडीवर लहानाची मोठी झालेली मी, आणि माझ्याच हातून माझ्या भावाच्या झटक्यांचा कॉल ते वाढवून घेत होते.

माणूस वाईट नव्हता, हे मला जिवावर येऊन कबूल करावं लागतं. दुसऱ्या दिवशी ते घरी आले, भावाच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा होतं. आईला म्हणाले, "बाई, काळजी करू नका. हा आजार आहे आणि आजाराला औषध असतं. पुण्याचे डॉक्टर येतायत. ख्रिस्ती माणूस, शास्त्राचे मोठे जाणकार. ते सांगतील ते आपण मानायचं. मानाल ना?"

आई म्हणाली, "मानीन. तुमीबी मानाल न्हवं?"

"अहो म्हणजे काय!"

ते गेल्यावर मी फोनवर ऐकलेलं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, भाऊ भडकेल. तर तो म्हणाला, "जाऊ दे आक्का, जाऊन येतो. झटक्यानं जात असेल तर जाऊ दे. मीही दमलोय." त्याचा तो आवाज ऐकून मला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं आणि त्याला पोटाशीही धरावंसं वाटलं. आई म्हणाली, "आधी डॉक्टर काय म्हनतात ते बघू."

दवाखाना सात रस्त्याजवळ, एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर. आम्ही तिघंही गेलो. जिना चढतानाच मी दारं-खिडक्या बघून ठेवल्या. कंपाउंडर दाराला कान लावणाऱ्यांतला वाटला, म्हणून मी मुद्दाम दाराला टेकूनच बसले. डॉक्टर चाळिशीचे, चष्मेवाले, आवाज एकदम मऊ. मऊ आवाज म्हटल्यावर मी आणखीच सावध झाले. यांचं आणि पाळकसाहेबांचं आधीच ठरलेलं असणार. गोड बोलून पुण्याला न्यायचं आणि तिथं कॉटला बांधायचं.

त्यांनी भावाला पुष्कळ विचारलं. झोप लागते का, जीव नकोसा होतो का. या दुसऱ्या प्रश्नाला तो "कधी कधी" म्हणाला आणि आईनं पदराचं टोक मुठीत आवळलं. मग डॉक्टरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "हे बघा, तुम्हाला कुठलाही आजार नाही."

मी म्हटलं, "मग पुण्याला झटके कुणाला देतात?"

ते चपापले. मला हे कुठून कळलं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं, पण विचारलं नाही. म्हणाले, "देणारे आहेत. आमच्याकडंही आहेत. मी देत नाही. झटक्यानं माणूस घाबरतो, बाई. ज्याचा जो कल असतो तो तिथंच राहतो. घाबरलेला माणूस सुटका व्हावी म्हणून बदललो म्हणतो, डॉक्टर ते खरं धरतात, आणि मग तेच संशोधन म्हणून पुढं जातं."

हे मात्र मला पटलं. संशय घेणारा माणूस मी लगेच ओळखते.

आईनं विचारलं, "पर आमाला तर सांगितलं की हे आजार म्हनून लिवलंय."

"लिहिलं होतं," डॉक्टर म्हणाले. "पूर्वी शास्त्र याला विकृती म्हणत असे. अलीकडे परदेशात यावर पुष्कळ काम झालं, आणि तिथल्या डॉक्टरांनी आजारांमधून हे काढून टाकलं. जुन्या पुस्तकात सापडेल तुम्हाला. नव्यात नाही."

"जुन्यात हाय, नव्यात न्हाय?"

"बरोबर."

"शास्त्राच्या?"

"शास्त्राच्याच, आई."

"तुमी स्वतः बघितलंय?"

"स्वतः वाचलंय."

आईनं मान डोलावली, उठली आणि डॉक्टरांना नमस्कार केला. भाऊ मात्र खुर्चीतच बसून होता. दोन्ही हातांत तोंड धरून तो रडत होता, लहान मुलासारखा, आवाज काढून. डॉक्टरांनी त्याला पाणी दिलं. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणा अनोळखी माणसावर विश्वास ठेवला असेल तर त्या माडीवर, आणि तोही जिना उतरेपर्यंतच. खाली आल्यावर परत वाटायला लागलं की हा माणूस इतका सरळ कसा बोलला? त्याचा काय फायदा?

दोन दिवसांनी पाळकसाहेब आले, पाळकीणबाईंसह. डॉक्टरांनी त्यांना उपचाराची गरज नाही असं कळवलं होतं आणि ते फार नाराज होते. म्हणाले, "या डॉक्टरांना परदेशी वारं लागलंय. आपण दुसऱ्यांना दाखवू. शुक्रवारच्या गाडीनं मी स्वतः याला पुण्याला नेतो. पिशवी भरून ठेवा."

भाऊ खाली मान घालून उभा होता. त्याला नेलं असतं तर तो गेला असता, हे मला दिसत होतं. पाळकसाहेबांना नाही म्हणायची आमच्या चाळीत पद्धतच नव्हती. त्यांनी आमचे बाप्तिस्मे केले होते, वडिलांना माती दिली होती.

आई म्हणाली, "पाळकसायेब, शास्त्रात न्हाय ते."

"काय नाही?"

"ह्यो आजार. पाप म्हना, आजार म्हना. डॉक्टरसायेब म्हनले, जुन्यात हाय, नव्यात न्हाय. त्येंनी सोता वाचलंय."

पाळकसाहेब आधी गोंधळले. मग त्यांच्या ध्यानात आलं. "अहो बाई! ते पुस्तक वेगळं! डॉक्टर त्यांच्या शास्त्राबद्दल बोलत होते. मानसशास्त्र!"

"त्येच की. शास्त्रच न्हवं?"

"तसं नाही हो. आपल्या शास्त्रात आहे. नव्या करारातसुद्धा आहे, प्रेषितांच्या पत्रांमध्ये."

"मग डॉक्टर लबाड बोलले म्हनता? तुमीच म्हनला, शास्त्राचे मोठे जानकार. ते सांगतील ते मानायचं. मी मानीन म्हनले, तुमीबी मानीन म्हनला. ह्या हितंच बसून म्हनला."

पाळकसाहेबांनी तीन-चार वेळा समजावून सांगितलं. एक पवित्र शास्त्र, एक मानसशास्त्र. एक देवानं दिलेलं, एक माणसानं केलेलं. दर वेळी आई सगळं शांतपणे ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "मी अडानी बाई. मला शास्त्र म्हंजे शास्त्र. त्यात न्हाय तर पोरगं जायाचं न्हाय." शेवटी ते घामाघूम झाले आणि माझ्याकडं वळले. "तू शिकलेली आहेस. तू तरी सांग आईंना."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "अगं, बघत काय बसलीस? चहा टाक की." आणि माझ्याकडं अशी बघितली की मी मुकाट उठले.

चहा न पिताच दोघं उठले. दारात पाळकीणबाई नवऱ्याला म्हणाल्या, हळू म्हणाल्या पण आम्हाला ऐकू जाईल इतपत, "शास्त्रातलं ओ का ठो कळत नाही, आणि या आपल्या मुलांना शिकवतात!"

भाऊ पुण्याला गेला नाही. पण पाळकीणबाईंचं ते वाक्य फुकट गेलं नाही. पुढच्याच महिन्यात मंडळीच्या पंचांनी ठरवलं की ज्यांना शास्त्राचं पुरतं ज्ञान नाही त्यांनी मुलांना शिकवणं योग्य नव्हे, आणि आईची शब्बाथ शाळा काढून घेतली. एक कॉलेजात जाणारी मुलगी नेमली, ती पुस्तकात बघून गोष्ट वाचून दाखवायची. आई रविवारी मागच्या बाकावर बसायला लागली. पोरांच्या वर्गाचा आवाज आला की तिचे ओठ हलायचे. मी संतापून म्हणायचे, "अगं, बोल की काहीतरी! तुला अख्खं पाठ आहे, जाऊन तोंडावर म्हणून दाखव त्यांच्या." ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे. म्हातारी झाले आता." पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती तिनं!

आणखी एक बदल झाला, तो आधी मला दिसला, कारण डोळे उघडे ठेवणारी मीच. जेवणाआधीची आमची प्रार्थना ठराविक, चार ओळींची. आमेन म्हटलं की भाऊ आणि मी ताटाकडं वळायचो. पण त्या दिवसांपासून आई आमेननंतरही डोळे मिटूनच राहायला लागली. कपाळावर आठ्या, ओठ घट्ट. कधी कधी भाकरी गार व्हायची. भाऊ समोर बसलेला, तिची वाट बघत. मला काय ते कळलं, आणि मनातून तिचा राग आला. चारचौघांत पोराच्या बाजूनं उभी राहिली खरी, पण एकटी असली की देवाच्या मागं लागते, याला बदल म्हणून. पाळकीणबाईंसारखीच, नाव न घेता. भावालाही तेच वाटत असावं. तो तिच्याकडं बघायचा आणि मान खाली घालायचा.

दोन वर्षांनी त्याला लांबच्या गावी नोकरी लागली. तो मित्रही तिकडंच एका मिलमध्ये लागला, दोघांनी मिळून खोली घेतली. कुणी विचारलं तर आई सांगायची, "एकाला दोघं बरं, परक्या गावात." तो दिवाळीला आणि नाताळला यायचा. पायपेटी पुन्हा त्यानं कधी उघडली नाही. घरात आम्ही दोघीच उरलो, आणि आईची ती लांबलेली प्रार्थना तशीच चालू राहिली. वर्षानुवर्षं. अजून याच्या मागं लागलीये, मी म्हणायचे मनात, आणि वाढून घ्यायचे.

मग आई खरोखरच म्हातारी झाली. एकदा दुपारी शेजारची नवी सून शेंगा फोडायला येऊन बसली होती. बोलता बोलता तिच्या मुलाच्या शाळेचा विषय निघाला आणि आईला बेडकाची गोष्ट आठवली. तिनं ती पहिल्यापासून सांगितली, हातवारे करून. "गुरुजी म्हनले शास्त्र, म्हंजे त्येंचं ते सायन्सचं, आनि आमच्या लेकरानं काढलं आपलं पवित्र शास्त्र! नाव एक, पर कुटं हे आनि कुटं ते!" दोघी खो खो हसल्या.

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

सून गेल्यावर मी म्हटलं, "आई, तुला ठाऊक होतं."

"काय गं?"

"शास्त्रं दोन असतात ते. भाऊ पाचवीत होता तेव्हापासून ठाऊक होतं तुला. आणि नव्या करारात पत्रांमध्ये काय आहे, तेही ठाऊक होतं. मग त्या दिवशी पाळकसाहेबांपुढं..."

ती शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "व्हय. लबाड बोलले मी. शास्त्राचं नाव घेऊन लबाड बोलले."

मी म्हटलं, "आणि तुझी शब्बाथ शाळा गेली तरी तू गप्प बसलीस?"

"बोलले असते तर त्येंना कळलं नसतं व्हय, हिला सगळं येतंय म्हनून? नेला असता की पोराला."

मी तिच्याकडं बघत बसले. मी, तराजूचा अंगठा बघणारी, डोळे उघडे ठेवणारी. माझ्याच घरात, माझ्या नाकासमोर. मला रडू यायला लागलं होतं, पण एक प्रश्न राहिला होता.

"मग रोज जेवणाआधी तू देवाला काय सांगतेस? मला वाटायचं, त्याला बदल म्हणून सांगतेस."

"त्याला?" तिनं एकदम वर बघितलं. तिला ते इतकं लागलं की हातातली शेंग तिनं सुपात टाकून दिली. "त्याला कशाला बदलायचं? माझी माफी मागते मी. त्या लबाडीची."

"इतकी वर्षं? आणि इतका वेळ?"

"माफी मागायची म्हंजे आधी म्हनावं लागतं की चुकलं, पुन्हा करनार न्हाय," आई म्हणाली. "तेवढंच माझ्या तोंडातनं येत न्हाय बघ. तितंच अडतं, म्हनून येळ लागतो."